बादशहाच्या पहाऱ्यावरचा तांब्याचा टोप

मी एक जुना तांब्याचा टोप आहे, मित्रांनो. पण माणसाच्या डोक्यावर बसण्याआधी कितीतरी वर्षं मी चुलीवर बसत होतो. तेव्हा मी हंडा होतो. वसईच्या एका वाडीत, बर्नार्डकाकांच्या घरी, रोज पहाटे अंघोळीचं पाणी तापवायचो. एक दिवस माझा तळ गळू लागला. दुसरा एखादा मोडीत गेला असता. पण बर्नार्डकाकांनी मला काखेत मारलं आणि थेट बाजारातल्या तांबटाच्या दुकानी नेलं. सोबत त्यांनी एक छोटं धार्मिक चित्र नेलं होतं. त्यात एक रोमन शिपाई उभा होता. चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "याच्या डोक्यावर आहे ना, तसा करून द्या."

तांबटाने आयुष्यात असला टोप घडवला नव्हता. त्याने चार दिवस ठोकठोक केली. कपाळावर पट्टी आली, कानांवर पाखं आली, मानेमागे छोटासा पदर आला. वर खाच पाडून काथ्याचा तुरा बसवला आणि त्याला लाल रंग दिला. हा रंग कच्चा होता, हे लक्षात ठेवा. पाण्याचा थेंब लागला की तो ओघळत असे. हनुवटीखाली चामड्याचा पट्टा शिवला आणि मी तयार झालो. माझ्यासोबत रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याचे अकरा टोप तयार झाले. ते साधे शिपाई. मी त्यांचा नाईक.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. वीस जानेवारीला आमच्या गावात संत सेबेस्टियनचा सण असतो. सकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनेची मोठी मिस्सा होते आणि दुपारी बावखलाच्या काठावर नाटक. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं मोठं गोड्या पाण्याचं तळं. केळीच्या आणि पानवेलींच्या बागा त्याच्यावरच जगतात. नाटकात संत सेबेस्टियनची कथा असते. तो रोमच्या बादशहाच्या पहाऱ्यातला सरदार होता. तो गुपचूप ख्रिस्ती झाला आणि तुरुंगातल्या ख्रिस्ती लोकांना धीर देऊ लागला. बादशहाला ते कळलं, तेव्हा त्याने त्याला खांबाला बांधून बाणांनी मारायची आज्ञा दिली. संताचा चेहरा सगळ्यांना दिसायला हवा म्हणून तो उघड्या डोक्याने येई. बादशहाच्या उजव्या हाताला उभ्या राहणाऱ्या अंगरक्षकांच्या नाईकाला मात्र मी हवा असे. बादशहा दर वर्षी एकच: आमचे बर्नार्डकाका. त्यांच्या अंगावर जांभळा झगा चढला की त्यांच्या घरची माणसंसुद्धा आवाज खाली आणत.

मला पहिल्यांदा पाहिलं त्या वर्षी बायका कुजबुजल्या होत्या, "सोन्याचा आहे का गं?" त्या कौतुकावर मी कित्येक वर्षं जगलो. मग लढाईची वर्षं आली. रॉकेल मिळेना, तरुण गावात राहीनात, नाटक बंद पडलं. मी कोठीत उताणा पडून राहिलो आणि एका तांबड्या कोंबडीने माझ्यात तीनदा अंडी घातली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तेवढीच ऊब होती.

लढाई संपली, नाटक पुन्हा उभं राहिलं, आणि मी पीटरच्या डोक्यावर गेलो. पीटर म्हणजे शेजारच्या केळीच्या वाडीचा तरुण मालक. खांदे रुंद, आवाज खणखणीत, केसांना खोबरेल तेल इतकं की मी आतून कधी कळकलो नाही. सलग सहा वर्षं तो नाईक होता. सणाच्या आठवडाभर आधीपासून तो गावातून चालतानासुद्धा भाला हातात असल्यासारखा चालायचा.

आणि हिल्डा. ही बर्नार्डकाकांची पुतणी. आईवडील लवकर गेले, म्हणून काकांनीच तिला वाढवलं, मुंबईला ठेवून शिकवलं. आता ती गावातल्या शाळेत शिकवत होती. दर वर्षी सणाआधी मागच्या पडवीत बसून चिंच आणि राख लावून ती मला घासायची. घासता घासता माझ्याशी बोलायची. माझ्या आयुष्यात जे काही मोठं घडलं, ते तिच्यामुळे घडलं.

तो एक्कावन्न सालचा नोव्हेंबर होता. त्या वर्षी पहाऱ्यातले पाच तरुण नोकरीसाठी बाहेरगावी गेले होते. बारा जणांच्या पहाऱ्यात सात उरले. काका ओटीवर बसून कोणाला घ्यावं याचा विचार करत होते, पीटर समोर बसला होता, हिल्डाही त्या दिवशी तिथेच बसून मला घासत होती. तेवढ्यात अंगणात एक उंच, काळासावळा माणूस येऊन उभा राहिला. तो पाचूबंदरचा सॅन्टन. स्वतःची होडी असलेला मच्छीमार.

"काका," तो म्हणाला, "यंदा पहाऱ्यात मानसं कमी हायेत असं ऐकलं. मला एक भाला द्या. बोलायला नको काय. नुसता उभा ऱ्हाईन."

पीटर हसला. काका हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "सॅन्टन, तुम्ही बंदरावरचे लोक नाटक बघायला येता, आनंद आहे. पण पहारा वाडीतल्याच घरांचा असतो. ते आजपर्यंत तसंच आहे."

"ते मला ठावं हाय. म्हनूनच इचारतो. का तसं हाय?"

काकांना असा प्रश्न कोणी विचारत नसे. ते म्हणाले, "कारण हा बादशहाचा पहारा आहे. ज्याच्या हातात बादशहाची मान, तो रोमच्याच रक्ताचा हवा. घरातलाच हवा. परक्याला कोण जवळ उभं करील?"

"पण काका," हिल्डा एकदम बोलली, "खरंच ते सगळे रोमचे होते का?"

मी तिच्या मांडीवर होतो. तिचा हात थांबलेला मला कळला. काकांच्या घरात काकांना आडवा प्रश्न, तोही बाहेरच्या माणसासमोर. काकांचा चेहरा ताठ झाला. ते उठून उभे राहिले.

"तू शिकलेली आहेस ना? मग शोध. रोमच्या बादशहाने आपली मान परक्यांच्या हातात दिली होती, हे मला पुस्तकातून दाखव. जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत. दाखवलंस तर भालाच कशाला, हा तांब्याचा टोप मी स्वतःच्या हाताने सॅन्टनच्या डोक्यावर ठेवीन."

पीटरचं हसू विरलं. सॅन्टनने मान लववली आणि तो निघून गेला. जाताना त्याने एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं. माणसं मला नेहमी चकाकीसाठी बघत. हा माणूस माझ्यामुळे आपण कुठे पोचू शकतो ते बघत होता.

नाताळच्या सुटीत हिल्डाने मला कापडी पिशवीत घातलं आणि मुंबईला नेलं. वांद्र्याला एक म्हातारे पाद्री राहात होते, फादर जोसेफ. त्यांचा सगळा जन्म लॅटिन शिकवण्यात गेला होता. त्यांच्या खोलीत खाट कमी आणि पुस्तकं जास्त. हिल्डाने मला टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, मला फिरवून फिरवून पाहिलं आणि ते पोट धरून हसले.

"रोममध्ये असला टोप कोणी घातला नव्हता, बेटा. पण ज्याने घडवला त्याचा हात चांगला आहे. बोल, काय हवंय?"

हिल्डाने सगळी हकिगत सांगितली. फादर ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांचं हसू नाहीसं होऊन डोळे चमकू लागले. ते उठले, शिडीवर चढले, धूळ झटकत चार जाड पुस्तकं घेऊन खाली आले. मित्रांनो, त्यानंतरचे तीन तास मी कधी विसरणार नाही. मी एक साधा हंडा, आणि माझ्याभोवती अख्खं रोम उभं राहात होतं.

"आधी एक गोष्ट," फादर म्हणाले. "तुझे काका अगदीच चूक नाहीत. पहिली दोनशे वर्षं बादशहाच्या मोठ्या पहारा-पलटणीत बहुतेक शिपाई इटलीतलेच होते. ते त्यांना आधी सांग. प्रामाणिकपणे सांग."

हिल्डाचा चेहरा उतरला.

"थांब. ती मोठी पलटण. पण पहिल्या बादशहाने, ऑगस्टसने, अगदी अंगाजवळ उभे राहायला कोण ठेवले होते ठाऊक आहे? जर्मन. रोमपासून महिनाभराच्या वाटेवरचे. आणि त्यांतले पुष्कळसे बटावी नावाच्या जमातीचे. हे लोक राहायचे ऱ्हाइन नदीच्या मुखाशी. चिखल, खाड्या, भरती-ओहोटी. असं लिहिलंय की हे बटावी हातातली शस्त्रं न टाकता, घोड्यासकट, रांग न मोडता नदी पोहून पार करायचे."

हिल्डा खुर्चीच्या कडेला आली. "पण परके का? इतके लांबचे का?"

"तेच तर. रोममध्ये त्यांचा मामा नव्हता, मेहुणा नव्हता, पुढारी नव्हता. बादशहाला घरच्यांचीच भीती जास्त असायची. परका माणूस ज्याचं मीठ खाई त्याच्याच बाजूला उभा राही." त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. "रोममध्ये त्यांच्या कबरींचे दगड सापडलेत. त्यांवर काय कोरलंय बघ. नाव, मग 'जन्माने बटावी', मग 'बादशहाचा अंगरक्षक'. आपण कुठले हे त्यांनी लपवलं नाही. मरतानासुद्धा दगडावर कोरून घेतलं."

"पण फादर, काका म्हणतील हे ऑगस्टसच्या वेळचं. संत सेबेस्टियन त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी झाला."

"म्हणू दे. त्याआधीच उलथापालथ झाली होती. त्या इटलीवाल्या पहाऱ्याने एका बादशहाला मारलं आणि राज्याचा चक्क लिलाव केला. मग सेव्हरस नावाचा बादशहा आला. त्याने त्या सगळ्यांची शस्त्रं काढून घेतली, त्यांना घालवून दिलं आणि डॅन्यूब नदीकाठच्या फौजेतले शिपाई आणले. थ्रेसचे, पॅनोनियाचे, इलिरियाचे. रोमचे लोक त्यांचं रूप बघून आणि बोली ऐकून नाकं मुरडत होते." फादर थोडं थांबले. "नाकं मुरडणारे सगळीकडे असतात. आणि आता शेवटचं. तुझे काका नाटकात कोण होतात म्हणालीस?"

"बादशहा. डायोक्लेशियन."

फादर जोसेफ इतक्या हळू हसले की मला ते हसणं टेबलाच्या लाकडातून जाणवलं. त्यांनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. हिल्डाने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग ती ताडकन उभी राहिली. तिची खुर्ची मागे पडली. ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

जानेवारीचा पहिला रविवार उजाडला. मिस्सा आटोपल्यावर काकांच्या अंगणात निम्मं गाव जमलं. बंदरावरचेही आले होते आणि कुंपणाशी उभे होते. हिल्डाने मला ओटीवरच्या मेजावर ठेवलं, शेजारी फादरांनी दिलेली पुस्तकं. ज्या माणसाने तिला लहानाची मोठी केली, त्याच्याविरुद्ध ती गावासमोर बोलायला उभी होती.

तिने आधी इटलीवाल्यांचं सांगितलं. काकांनी मान डोलावली. मग जर्मन अंगरक्षकांचं सांगितलं, बटावींचं, कबरींवरच्या दगडांचं. कुंपणाशी कुजबुज सुरू झाली. सेव्हरसचं सांगितलं तेव्हा पीटर मध्येच म्हणाला, "ते सगळं ठीक. पण शेवटी पहारा संत सेबेस्टियनचा. तो तर रोमचा."

हिल्डाने सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, नोवेनाची, पुस्तिका उचलली. गेली कित्येक वर्षं काका स्वतः देवळात ती वाचून दाखवत. तिने पहिलं पान उघडलं आणि काकांच्या हातात दिलं. "काका, दुसरी ओळ वाचा ना."

काकांनी चष्मा लावला. आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "संत सेबेस्टियन यांचा जन्म गॉल देशातील नार्बोन या नगरात झाला, असे परंपरा सांगते..." ते थांबले. दर वर्षी वाचलेलं वाक्य त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

"गॉल म्हणजे आजचा फ्रान्स. आणि काका," हिल्डाचा आवाज एकदम खाली आला, "बादशहा डायोक्लेशियन. तोही रोमचा नव्हता. दाल्मातियाचा. समुद्रकाठच्या मुलखातला. साध्या घरात जन्मला होता. आणि बादशहा होण्याआधी तो काय होता, माहीत आहे?"

तिने मेजावरचं जाड पुस्तक उघडून काकांपुढे धरलं.

"तो बादशहाच्या अंगरक्षकांचा नाईक होता."

मला काकांचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. आधी तो लाल झाला, मग पांढरा. त्यांनी पुस्तक घेतलं आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येई. वाचून झाल्यावर ते उठले, मला दोन्ही हातांनी उचललं आणि हाक मारली, "सॅन्टन, पुढे ये."

सॅन्टन कुंपण ओलांडून आला. काकांनी मला त्याच्या डोक्यावर ठेवलं. त्या केसांना मिठाचा वास होता, आणि खाली डोकं इतकं तापलं होतं की मला हंडा असतानाची आठवण झाली.

"शब्द पाळला," काका म्हणाले. "पण मीही एक मागतो. ते बटावी शस्त्रांसकट नदी पोहून जायचे असं पुस्तकात आहे ना? मग पुस्तकाप्रमाणेच होऊ दे. सणाच्या दिवशी पहारा बावखल पोहून येईल. त्या काठावरून या काठावर. ढाली, भाले, टोप, सगळ्यांसकट. रांग मोडायची नाही. आणि या टोपाचा तुरा कोरडा राहायला हवा. भिजला तर पुढच्या वर्षीपासून पहारा पूर्वीसारखा."

"पानी आमाला नवं नाय, काका," सॅन्टन म्हणाला.

तेवढ्यात पीटर उठला. "टोप गेला तर मीही गेलो," एवढंच बोलून तो फाटकाबाहेर पडला. सहा वर्षांची जागा एका दुपारी गेली होती. मला त्याचं वाईट वाटलं. त्याच्या डोक्याचा आकार माझ्या पट्ट्याला अजून पाठ होता.

वाडीतले सहा जण उरले. सॅन्टनने बंदरावरून आणखी चौघे आणले. अकरा झाले. हिल्डा म्हणाली, "दादा, एक कमी पडतो. बंदरावरून अजून एक आणा ना."

"नको, बाई. बारावी जागा मोकळी ऱ्हाऊ द्या. ती पीटरची हाय."

मग दोन आठवडे काय धमाल चालली म्हणून सांगू. रोज तिसऱ्या प्रहरी अकरा जण पाण्यात. वाडीतल्या तरुणांना पोहता येत होतं, पण आपापलं, हवं तसं. बंदरावरच्यांनी त्यांना फळीची ढाल छातीखाली धरायला शिकवलं, एका हाताने भाला उभा ठेवायला शिकवलं, आणि एकाच्या हुंकारावर सगळ्यांनी पाय मारायला शिकवलं. पहिल्या दिवशी ते एकमेकांशी बोलत नव्हते. चौथ्या दिवशी एकमेकांना शिव्या देत होते. आठव्या दिवशी काठावर बसून एकाच टोपलीतल्या भाकऱ्या आणि सुकट खात होते. मला मात्र हिल्डा काठावरच ठेवी, कारण माझा रंग कच्चा.

वीस जानेवारी आली. तसा जमाव आमच्या बावखलावर कधीच लोटला नव्हता. या काठावर वाडीतली माणसं, सणाच्या कपड्यांत. त्या काठावर पाचूबंदरची, बायका केसांत फुलं माळून. झाडांवर पोरं. अबोली रंगाच्या पताका. मंचावर जांभळ्या झग्यात बर्नार्डकाका सिंहासनावर बसलेले. वाजंत्री थांबली. त्या काठावर आम्ही उभे होतो, मी सॅन्टनच्या डोक्यावर, पट्टा घट्ट. त्याचं काळीज धडधडत होतं ते मला कानशिलातून ऐकू येत होतं.

त्याने हुंकार दिला. अकरा माणसं एकदम पाण्यात उतरली.

पाणी गार होतं. माझ्या पाखांच्या टोकापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. हुं, आणि अकरा ढाली पुढे. हुं, आणि पुन्हा पुढे. भाले पाण्यातून उभे होते, पत्र्याचे टोप उन्हात लखलखत होते. मध्यावर पाणवनस्पतींचं जाळं होतं. डावीकडचा एक जण अडकला, भाला कलला. सॅन्टनने मागे न बघता वेग कमी केला. सगळी रांग कमी झाली. त्या माणसाने पाय सोडवला आणि रांग पुन्हा सरळ. माझा तुरा कोरडाच.

तेवढ्यात मी पाहिलं. वाडीच्या काठावर, मंचापासून जरा दूर, पीटर उभा होता. सणाचा काळा कोट, चकचकीत बूट. त्याची नजर रांगेवर होती. अकरा डोकी, आणि उजव्या टोकाला मोकळी जागा. ती जागा पाण्यातून त्याच्याकडेच सरकत होती. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसली. तो आमच्याबरोबर हुंकार देत होता.

आणि मग पीटरने काठावरून उडी मारली. कोटासकट, बुटांसकट.

दोन्ही काठांवर एकच गलका उठला. पीटर पाणी उडवत रांगेपर्यंत आला, वळला आणि बाराव्या जागी शिरला. भाला नाही, टोप नाही, श्वास फुललेला. सॅन्टन त्याच्याकडे न बघता म्हणाला, "पाय आमच्यासंगं मार." पीटरने मारले. शेवटचे वीस हात आम्ही बारा जण आलो.

आमच्या काठाला दगडी पायऱ्या आहेत, शेवाळाने निसरड्या. सॅन्टन सगळ्यांत आधी वर चढला, सुका तुरा उंच. पण पीटरचे बूट पाण्याने जड झाले होते. तो दुसऱ्या पायरीवरून घसरला. सॅन्टनने वळून हात दिला, पीटरने तो धरला, आणि दोघेही धाडकन खाली. मी पायरीच्या कडेवर आदळलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणतात ते माझ्या बाबतीत खरंच झालं असणार. वर आलो तेव्हा माझ्या डाव्या अंगाला अंडं मावेल एवढा पोचा पडला होता, आणि तुऱ्याचा लाल रंग दोघांच्याही तोंडावरून ओघळत होता.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "तुरा भिजला."

त्या काठावरच्या बायका पुढे सरकल्या. हिल्डाने मंचाच्या खांबाला घट्ट धरलं होतं. सगळ्यांचे डोळे बादशहाकडे.

बर्नार्डकाका सिंहासनावरून उठले. झगा सावरत पायऱ्यांपर्यंत खाली आले. असं नाटकात नव्हतं.

"बावखल ओलांडलं तेव्हा तुरा कोरडा होता," ते गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "भिजला तो हात देताना. अंगरक्षकाने सोबत्याला हात देऊ नये, असं हिल्डाच्या एकाही पुस्तकात मी वाचलेलं नाही. आणि आता मी ती सगळी वाचली आहेत."

मग ते सॅन्टनसमोर उभे राहिले. "अंगरक्षका, नाव सांग. जन्माने कुठला ते सांग."

सॅन्टनने मला सरळ केलं. "सॅन्टन. जन्मानं पाचूबंदरचा. बादशहाचा अंगरक्षक."

त्या काठावरून जो जल्लोष उठला त्याने झाडावरचे बगळे उडाले. काका पुढच्याकडे गेले, मग त्याच्या पुढच्याकडे. प्रत्येकाने नाव सांगितलं, आपली वाडी सांगितली, आपलं बंदर सांगितलं. शेवटी पीटर, कोटातून पाणी निथळत, तोंड लाल. "पीटर. जन्माने इथलाच, केळीच्या वाडीतला." मग थोडं अडखळून, "बादशहाचा अंगरक्षक."

"मीही सांगतो," काका म्हणाले. "डायोक्लेशियन. जन्माने दाल्मातियाचा. समुद्रकाठचा."

मग नाटक झालं. त्या वर्षी संत सेबेस्टियन झालेला क्लेमेंट फार छान बोलला, असं लोक म्हणाले. मला काही आठवत नाही. मी नुसता सुखात होतो.

मित्रांनो, त्यानंतर पहारा कधी एका घरचा राहिला नाही, आणि नावगाव सांगायची ती रीत नाटकात कायमची आली. काका आता थकलेत; बादशहाचा झगा गेल्या वर्षापासून पीटरच्या अंगावर आहे. मी सणाचा दिवस सोडला तर हिल्डाबाईंच्या शाळेत, कपाटावर असतो. माझ्यावर धूळ बसते, कोळी जाळं विणतो, आणि मधल्या सुटीत तुमच्यातलं कोणी ना कोणी मला उतरवून डोक्यावर घालतंच. घाला. मला आवडतं. फक्त खिडकीतून खाली टाकू नका आणि माझ्यात पेन्सिलीची टोकं काढू नका.

परवा शाळेजवळ कल्हईवाला बसला होता. मला बघून तो म्हणाला, हा पोचा दोन मिनिटांत काढून देतो. तुमच्यातले दोघे तर मला त्याच्याकडे घेऊनही निघाले होते. तुमचं मन चांगलं, मला कळतं. चिंच लावा, राख लावा, हवं तेवढं घासा. तुरा झडला तर नवा बांधा, पट्टा तुटला तर शिवा. पण त्या पोच्यावर हातोडी पडू देऊ नका. एका माणसाने दुसऱ्याला हात दिला, तेव्हाचा आहे तो.